ओळीचा भाव आणि तासाचा भाव

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझी धाकटी भाची आली ती तिळगूळ हातावर पडण्याआधीच सांगू लागली, "मावशी, मला घरबसल्या काम मिळतंय. अमेरिकेतले डॉक्टर बोलतात ते ऐकून टंकित करायचं. परवा पैसे भरायचे आहेत."

"भरायचे, की मिळायचे?"

"आधी भरायचे. प्रशिक्षणाचे तीस हजार. मग काम देणारच आहेत ते."

तिची अडचण मला ठाऊक आहे. यजमानांची नोकरी मकरपुऱ्याच्या एका लहानशा कारखान्यात, मुलगा तीन वर्षांचा आणि सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. स्वतः विज्ञानाची पदवीधर, इंग्रजी उत्तम. पण दाराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. तीस हजारांसाठी हातातली एक बांगडी गहाण टाकायचा बेत ठरलेला होता. चारचौघींसमोर काही बोलणे बरे दिसले नसते, म्हणून वाण देताना हळूच म्हटले, "उद्या दुपारी ये. आणि त्यांनी दिलेला कागद बरोबर आण."

आमच्या घराला हे काम नवे नाही. माझ्या थोरल्या सुनेने २००४ पासून नऊ वर्षे ते केले. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर, कानांना हेडफोन लावून आणि टेबलाखाली पायाने दाबायची कळ ठेवून ती बसत असे. कळ दाबली की डॉक्टरांचा आवाज सुरू, सोडली की बंद. शिवणयंत्रावर बसलेल्या बाईसारखाच तिचा पाय सारखा हलत असे. दुसऱ्या दिवशी भाची आली तेव्हा सूनही येऊन बसली, आणि आमची जी बोलणी झाली ती या सदराच्या वाचक भगिनींनाही उपयोगी पडतील असे वाटले. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद, कुठल्याही गावी अशा जाहिराती येतच असतात.

काम काय असते ते आधी थोडक्यात सांगते. अमेरिकेतला डॉक्टर रुग्ण तपासून झाला की त्याची हकीकत, तपासणी, शस्त्रक्रियेचा वृत्तांत किंवा घरी सोडतानाचा गोषवारा तोंडी सांगून ध्वनिमुद्रित करतो. त्याचा लेखी अहवाल करणे म्हणजे मेडिकल ट्रान्सक्रिप्शन. तिकडची रात्र तो आपला दिवस, म्हणून त्यांनी संध्याकाळी बोललेले त्यांच्या सकाळी तयार मिळावे या सोयीने १९९० नंतरच्या दशकात हे काम बंगळूर, चेन्नई, हैदराबाद अशा शहरांत आले आणि पुढे घराघरांत शिरले.

भाचीच्या कागदावर ठळक अक्षरांत एकच गोष्ट होती: ओळीला ऐंशी पैसे. तेवढ्यावर तिने महिन्याचा हिशेब मांडूनही टाकला होता. सुनेने पहिला प्रश्न केला तो असा, "वन्सं, ओळ म्हणजे किती?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. या धंद्यात पासष्ट अक्षरांची एक ओळ धरण्याचा प्रघात आहे. पण त्यांत शब्दांमधल्या रिकाम्या जागा मोजायच्या की नाही, हे ज्याच्या त्याच्या करारावर असते. इंग्रजी मजकुरात सुमारे सहावा हिस्सा या मोकळ्या जागांचाच असतो. त्या वगळल्या की शंभर ओळींच्या त्र्याऐंशी होतात आणि भाव मात्र कागदावर तोच राहतो.

मग आम्ही ओळीचा भाव बाजूला ठेवून तासाचा काढला. तोही इथे सविस्तर मांडते, कारण खरे पाहता सगळी मेख त्यातच आहे. डॉक्टर मिनिटाला एकशेतीस शब्द बोलला, तर मोकळ्या जागांसह साधारण सातशेऐंशी अक्षरे, म्हणजे बारा ओळी होतात. नव्या माणसाला एका मिनिटाचे बोलणे लिहायला, मागे जाऊन पुन्हा ऐकायला, औषधाचे नाव शोधायला आणि तपासायला सहा मिनिटे सहज लागतात. आरंभी त्याहून अधिकही. म्हणजे तासाभरात दहा मिनिटांचे बोलणे, एकशेवीस ओळी, शहाण्णव रुपये. मोकळ्या जागा वगळल्या तर ऐंशी. यातून वीज, इंटरनेट आणि संगणकाची झीज वजा करायची. शिवाय फायलींची वाट पाहत बसलेल्या तासाचे कोणी काही देत नाही. हात बसल्यावर वेग वाढतो, दुप्पटही होतो, हे खरे. सुनेचा झाला होता. पण त्याला तिला जवळजवळ दीड वर्ष लागले, हेही तिने प्रामाणिकपणे सांगितले.

भाची गप्प झाली. तिच्या कागदावरचा हिशेब दिवसाला हजार ओळींचा होता.

दुसरा प्रश्न सुनेच्या काळी नव्हता, आज तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे: लिहायचे आहे, की यंत्राने लिहिलेले सुधारायचे आहे? आता संगणक आवाज ओळखून स्वतःच मजकूर उतरवतो आणि माणसाने तो ऐकत ऐकत दुरुस्त करायचा असतो. या दुरुस्तीला पुष्कळदा निम्मा भाव देतात. बोलणे स्वच्छ असेल तर परवडते. पण डॉक्टर घाईघाईने, तोंडात घास असल्यासारखा बोलणारा निघाला तर यंत्राचा मजकूर सगळा खोडून नव्याने लिहावा लागतो, आणि मिळतात ते निम्मेच. (सून म्हणते, तिला सर्वांत कठीण गेले ते अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्याच देशबांधवांचे इंग्रजी. गोऱ्या डॉक्टरांपेक्षा तेच तिला अधिक छळत!) म्हणून यंत्राचा मजकूर निरुपयोगी निघाला तर पूर्ण भाव मिळेल काय, हे आधीच विचारून घ्यावे.

आणि यंत्र इथेच थांबलेले नाही. आवाज ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरची न्युआन्स ही नामांकित कंपनी २०२२ साली मायक्रोसॉफ्टने घेतली, ती मुख्यतः रुग्णालयांतल्या कामाकडे दृष्टी ठेवून. डॉक्टर आणि रुग्ण यांचे खोलीतले संभाषण ऐकून आपणच टिपण तयार करणारी साधने आता तिकडे वापरात आहेत. अमेरिकेच्या श्रमखात्याच्या अंदाजातही या व्यवसायातल्या नोकऱ्या घटत जाणार असेच म्हटले आहे. काम संपले असे मी म्हणत नाही. यंत्राने लिहिलेले तपासायला जाणता माणूस लागतोच. मात्र तीस हजार भरून केवळ टंकलेखन शिकवणार असतील तर ते शिक्षण कशासाठी, हे विचारायला हवे. शरीरशास्त्र, औषधांची नावे, शस्त्रक्रियेची परिभाषा हे सगळे किती शिकवतात? दोन वर्षांपूर्वी तिथे शिकून आज काम करणाऱ्या एखाद्या बाईशी गाठ घालून देतात का?

या कामात चुकीला किती किंमत आहे ते सुनेने एका उदाहरणाने सांगितले. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला इलियम म्हणतात आणि कमरेच्या एका हाडालाही इलियमच म्हणतात. आपल्या लिपीत दोन्ही सारखेच. इंग्रजीत मधल्या एका अक्षराचा फरक, आणि उच्चार अगदी एक. कोणते लिहायचे ते पुढचामागचा संदर्भ कळल्यावाचून ठरत नाही. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांतला फरक तर औषधाच्या मात्रेत पडला की विचारूच नका. म्हणून शंका आली की अंदाजाने न लिहिता जागा कोरी सोडून खूण करावी, ही या कामातली जुनी शिस्त आहे. आता गंमत पाहा: काही ठिकाणी अचूकता अठ्ठ्याण्णव टक्के हवी असे सांगतात आणि कोऱ्या जागेलाही चूक समजून पैसे कापतात. तसे झाले की गरजू बाई काय करील? अंदाज ठोकील. तेव्हा कोऱ्या जागेबद्दल दंड आहे का, हा प्रश्न मी तरी फार वरचा मानते. उत्तर देणाऱ्याची नियत त्यातून कळते. अहवाल पुढे तपासायला कोणी आहे का, आणि काढलेल्या चुका आपल्याला परत दाखवतात का, तेही लगेच विचारावे. चुका न दाखवता नुसते पैसे कापणाऱ्याकडे शिकणे होत नाही.

वेळेचा प्रश्न भाचीने स्वतःच काढला, कारण मुलगा दुपारी झोपतो तेव्हाच तिला उसंत. पण चोवीस तासांत अहवाल द्या म्हणणे वेगळे आणि तातडीचे म्हणून दोन-चार तासांत मागणे वेगळे. दिवाळीची, गणपतीची सुट्टी त्यांना ठाऊक नसते. मार्चमध्ये तिकडची घड्याळे एक तास पुढे जातात, नोव्हेंबरात मागे येतात, आणि आपल्या घरातल्या स्वयंपाकाच्या वेळाही त्यांच्यामागून सरकतात. सासूबाईंना एकाएकी दवाखान्यात न्यावे लागले तर हातातली फाईल परत करता येते का, हे तिच्या परिस्थितीत विचारणे अगत्याचे होते.

पैसे कोण देणार, याविषयी एक जुनी घटना सांगते. २००३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयाकडे कराचीहून एका स्त्रीचे ईमेल आले: माझे थकलेले पैसे मिळाले नाहीत तर तुमच्या रुग्णांची टिपणे इंटरनेटवर टाकीन. रुग्णालयाला तर आपले काम कराचीला गेल्याचा पत्ताच नव्हता. त्यांनी ते दिले होते जवळच्याच एका कंपनीला. तिथून फ्लोरिडा, तिथून टेक्सास आणि तिथून कराची असे ते हातोहात गेले होते. त्या बाईने केले ते निंद्यच, त्याचे समर्थन नको. पण या साखळीतल्या शेवटच्या टोकाला बसलेल्या माणसाचे पैसे कसे बुडतात ते त्यावरून दिसते. म्हणून आपल्यात आणि रुग्णालयात किती हात आहेत, वरच्याने पैसे दिले नाहीत तरी आपले मिळणार का, कोणत्या तारखेला, हे लेखी हवे. बहुतेक ठिकाणी आपण नोकर नसून कंत्राटी असतो, म्हणजे भविष्यनिर्वाह निधी नाही, रजा नाही. करकपात होत असेल तर तिचा दाखला मिळायला हवा.

गुप्ततेचे कलम कागदावर होते, पण भाचीने ते वाचले नव्हते. अमेरिकेत १९९६ पासून रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेचा कडक कायदा आहे आणि आपल्याकडेही वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. आपल्या घरांत मात्र संगणक एक आणि तो वापरणारे पाच! त्यावर मुले खेळणार, शेजारची वहिनी डोकावणार, आणि अडलेला शब्द व्हॉट्सॲपवर मैत्रिणीला विचारावासा वाटणार. यातले काहीच चालत नाही. वेगळा संगणक कंपनी देते की आपण घ्यायचा, तो बिघडला तर खर्च कोणाचा, आणि चुकून काही फुटले तर जबाबदारी किती, हे ठरले पाहिजे. सून माडीचे दार लावून बसे तेव्हा मला राग येई; कारण पुढे समजले.

राहिला त्या कागदातला अखेरचा भाग. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणार, एक कोरा धनादेश सही करून द्यायचा, आणि दोन वर्षांत काम सोडल्यास पन्नास हजार दंड. तिथे मात्र माझा आवाज चढला. मूळ प्रमाणपत्र आणि कोरा धनादेश कोणाच्याही हाती द्यायचा नाही, मग तो कितीही गोड बोलो. करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणून तेवढा सगळा मिळतोच असे नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे न्यायालय त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देववते. पण न्यायालयापर्यंत जाण्याचे बळ आपल्यात नसते, आणि असल्या लोकांची भिस्त नेमकी त्यावरच असते. घरबसल्या टंकलेखनाच्या नावाखाली काम द्यायचे, अचूकता कमी भरली म्हणायचे आणि मग खोटी वकिली नोटीस पाठवून घाबरवून पैसे उकळायचे, असे प्रकार आपल्या देशात पुष्कळ झाले आहेत. अशी नोटीस आली तर पैसे पाठवू नयेत. घरातल्यांना सांगावे, ओळखीच्या वकिलाला दाखवावी आणि १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर कळवावे. लाजेने लपवून ठेवणाऱ्या बायकाच अधिक नाडल्या जातात.

भाचीने तिथेच बसून त्या गृहस्थांना दूरध्वनी लावला. ओळीत मोकळ्या जागा मोजतात का, या प्रश्नाला "ते तुम्हाला प्रशिक्षणात कळेल" असे उत्तर आले. कोऱ्या जागेच्या दंडाला "चुका केल्याच नाहीत तर दंड कशाला?" असे आले. जुन्या विद्यार्थिनीची गाठ घालून देता का म्हटल्यावर ते म्हणाले, "बहेनजी, तुम्हाला काम करायचं आहे की चौकशी?" लेखी उत्तरे मागितली तेव्हा, उद्या जागा भरून जाईल असे सांगून त्यांनी बोलणे संपवले.

बांगडी हातातच राहिली. सुनेच्या जुन्या ओळखीतल्या एका ठिकाणी पैसे न घेता चाचणी घेतात, यंत्राने लिहिलेला मजकूर सुधारण्याची. भाव तिथेही फारसा नाही, आणि पहिले तीन महिने दिवसाला दोन तासांपेक्षा अधिक काम देणार नाही असे त्यांनी आधीच सांगितले आहे. येत्या मंगळवारी चाचणी आहे. तोवर रोज दुपारी मुलगा झोपला की भाची आमच्याकडून नेलेली सुनेची शरीरशास्त्राची जुनी वही उघडून बसते.