रेडिएटर उकळण्यापूर्वी

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की आपल्या कुटुंबांच्या मोटारी दूरच्या वाटेला लागतात. पूर्वेकडची मंडळी मेरीलँडमधील अ‍ॅकोकीकला बाबासाहेबांचा पुतळा पाहावयास निघतात, तर कॅलिफोर्नियातील मंडळी वाळवंट ओलांडून लास व्हेगासकडे वळतात. मागच्या आसनावर नागपूर वा औरंगाबादहून आलेले आईवडील असतात, मांडीवर तान्हे मूल असते. टायरची हवा पाहिली जाते, इंजिनाचे तेल बदलले जाते. इंजिनाला थंड ठेवणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या रबरी नळ्यांकडे मात्र सहसा कोणाचेच लक्ष जात नाही.

लास व्हेगासकडे जाणारा पंधरा क्रमांकाचा महामार्ग बेकर नावाच्या लहानशा गावातून जातो. तेथे १३४ फूट उंचीचा तापमापक उभा आहे. जवळच्या डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी नोंदल्या गेलेल्या १३४ अंश फॅरनहाइट तापमानाची ती खूण. (बाबासाहेब प्रथम न्यूयॉर्कला उतरले तेही याच महिन्यात.) बेकर समुद्रसपाटीपासून हजार फुटांहूनही कमी उंचीवर आहे आणि पुढच्या पस्तीसेक मैलांत रस्ता साडेचार हजार फुटांच्या वर चढतो. इंजिन तापू नये म्हणून वातानुकूलन बंद करा, असे सांगणारी पाटी या चढावर लावलेली आहे. भरलेली गाडी, भर दुपार आणि सलग चढ या तिहींची गाठ पडली की शहरात वर्षानुवर्षे निमूटपणे चाललेला जुना भाग नेमका येथे हात टेकतो.

आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी बोरघाटात किंवा कसाऱ्याच्या घाटात बोनेट उघडून वाफा सोडणाऱ्या गाड्या पाहिल्या आहेत. चालक डबाभर पाणी ओतीत, घटकाभर थांबत आणि पुढे निघत. त्या आठवणीने आपला एक गोड गैरसमज करून दिला आहे, असे आम्हांस वाटते. ती जुनी इंजिने बिडाची होती व पुष्कळ सोसत. आजच्या इंजिनाचे सिलिंडर हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते. ते अतितापाने वाकते, मग हेड गॅस्केट फुटते आणि कूलंट व तेल एकमेकांत मिसळते. थर्मोस्टॅट आणि दोन नळ्या यांचा खर्च काही दहा डॉलरांच्या घरातला. गॅस्केटचे काम हजारांत जाते आणि जुन्या गाडीच्या किमतीलाही मागे टाकू शकते. नुकतीच नोकरी लागलेल्या तरुणाने घेतलेल्या वापरलेल्या गाडीचा तेथेच शेवट होतो.

इंधनाच्या उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश भाग कूलंटमार्फत बाहेर टाकावा लागतो. निम्मे पाणी व निम्मे ग्लायकॉल यांचे मिश्रण पंधरा पौंड दाबाच्या झाकणाखाली सुमारे १२९ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. म्हणजे झाकणाची रबरी चकती सैल झाली, तरी सारी व्यवस्था दुबळी होते. सर्वांत स्वस्त भाग हाच आणि सर्वांत दुर्लक्षितही हाच.

रबरी नळी बाहेरून तुळतुळीत दिसते. ती कुजते आतून आणि बहुधा क्लॅम्पच्या जवळ. इंजिन पूर्ण थंड असताना टोकाशी व मध्ये दाबून पाहावी. टोक मऊ, पिचके लागले तर तिचे दिवस भरले. रेडिएटरचा गाभा अ‍ॅल्युमिनियमचा, पण दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. उष्णतेने ते प्लास्टिक ठिसूळ होते आणि जोडाच्या रेषेवर वाळलेल्या कूलंटचा पांढरट वा गुलाबी थर धरतो. वॉटर पंपाला खाली एक बारीक छिद्र असते. तेथून ओल दिसली तर आतील सील गेले असे समजावे. होंडा ओडिसी, पायलट यांच्या व्ही-सहा इंजिनांत हा पंप टायमिंग बेल्टवर फिरतो. लाखभर मैलांवर बेल्ट बदलताना जुना पंप तसाच ठेवणे ही आमच्या मते काटकसर नव्हे, कारण तीच सारी खोलाखोल पुन्हा करावी लागते.

कूलंटच्या रंगावर विसंबू नये. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला प्रकारच वापरावा. टोयोटाच्या अलीकडच्या बहुतेक गाड्यांत पहिला बदल एक लाख मैल किंवा दहा वर्षांनी व नंतरचे पन्नास हजार मैल किंवा पाच वर्षांनी सांगितलेले असतात. त्याच वेळी दोन्ही नळ्या, थर्मोस्टॅट आणि झाकण बदलून घ्यावे. कूलंट तसेही काढावे लागतेच, त्यामुळे मजुरी फारशी वाढत नाही. गळती बुजवण्याच्या पुड्या मात्र टाळाव्यात. त्या हीटरच्या अरुंद नळ्याही बुजवतात आणि मिनेसोटा किंवा मिशिगनच्या जानेवारीत त्याची किंमत कळते.

तापमानाच्या काट्यावरही फार भिस्त ठेवू नये. पुष्कळ गाड्यांत तो मध्यावर स्थिर राहतो आणि हलतो तेव्हा वेळ थोडा उरलेला असतो. तो चढू लागताच वातानुकूलन बंद करून हीटर पूर्ण वेगाने सोडावा, सुरक्षित जागा पाहून थांबावे व इंजिन बंद करावे. मुलांना व वडीलधाऱ्यांना रस्त्यापासून दूर, सावलीत बसवावे. गरम रेडिएटरचे झाकण कोणीही, कितीही घाई असली तरी, उघडू नये. दाब सुटताच आतला द्रव उसळून तोंड-हात भाजतो.

घरी हे काम करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. काढलेले कूलंट चवीला गोड पण जहरी असते. मुलांच्या व पाळीव प्राण्यांच्या हाती-तोंडी लागणार नाही असे ते झाकणबंद डब्यात भरावे, गटारात ओतू नये. काउंटीच्या घातक कचरा केंद्रात ते घेतात का आणि कोणत्या वारी घेतात, हे आधी फोन करून विचारावे.