रसायनीने केवळ कच्चा मालच पुरवावा काय?

पनवेलजवळच्या रसायनी या वसाहतीचे नावच तिच्या उद्योगाची साक्ष देते. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गेनिक केमिकल्स या सरकारी कंपनीने येथे नायट्रोबेंझीन व अॅनिलीन तयार केले आणि देशातील रंग, औषधे व रबर यांच्या कारखान्यांना मूळ माल पुरविला. २०१७ साली केंद्र सरकारने तोट्यातील हे कारखाने बंद करण्याचे ठरविले. अग्निबाणांना लागणारे नायट्रोजन टेट्रॉक्साइड बनविणारा विभाग तेवढा अवकाश संशोधन संघटनेकडे सोपवावा आणि जमिनीचा मोठा भाग भारत पेट्रोलियमला विकावा, असा तो निर्णय होता.

या नायट्रोबेंझीन-अॅनिलीनच्याच कुळात अॅझोबेंझीन हे संयुग मोडते. कापड रंगविणाऱ्या असंख्य रंगद्रव्यांचा तो गाभा. त्याचा सरळ रेणू अतिनील प्रकाशात वाकतो आणि दृश्य प्रकाशात पुन्हा सरळ होतो. हे रेणू शिस्तीत मांडलेल्या लवचिक बहुवारिकात गुंफले, तर एका रेणूचे वाकणे साऱ्या पदार्थाचे आकुंचन होते. जर्मनीतील फिंकेलमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली असे आकुंचन दाखविले. टोकियोतील इकेदा यांच्या गटाने २००३ साली असा पातळ पडदा हव्या त्या दिशेला वाकविला आणि २००८ साली अशाच पट्ट्याने, केवळ प्रकाशावर, चिमुकली चाके फिरविली. तार नाही, विद्युतघट नाही. पदार्थ हाच स्नायू आणि पदार्थ हेच यंत्र!

हे प्रयोगशाळेतील खेळणे आहे, असा आक्षेप येईल. त्यात तथ्यही आहे. या पदार्थांचा जोर थोडा आहे, प्रकाश त्यांत खोलवर शिरत नाही, आणि अतिनील किरण जिवंत पेशींना अपायकारक ठरतात. तथापि नाजूक वस्तू उचलणारी बोटे किंवा सूक्ष्म झडपा यांसाठी जोरापेक्षा मृदुताच मोलाची असते. शिवाय अॅनिलीनसुद्धा प्रारंभी प्रयोगशाळेतील कुतूहलच होते. ते रंगोद्योगाचा पाया पुढे झाले.

आपल्याकडे विद्येचा दुष्काळ आहे असेही नाही. मुंबईत १९३३ पासून रासायनिक तंत्रशास्त्राचे शिक्षण देणारी संस्था आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. माशेलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाह्य उद्दीपनाला प्रतिसाद देणाऱ्या जेलींचा अभ्यास केला. उणीव आहे ती प्रयोगशाळा आणि कारखाना यांमधल्या पायरीची. काचपात्रात सिद्ध झालेला पदार्थ किलोच्या मापात करून पाहण्याची जागा तरुण संशोधकाला सहजी मिळत नाही.

रसायनीच्या जमिनीवर पेट्रोरसायनांचा मोठा उद्योग उभा राहिला, तर त्याचे स्वागतच होईल. परंतु टनांनी प्लास्टिक विकणे आणि त्या प्लास्टिकला नवा गुण शिकविणे यांत किमतीचे आणि प्रतिष्ठेचे महदंतर आहे. म्हणून त्या विस्तीर्ण जमिनीचा एक लहानसा कोपरा प्रायोगिक कारखान्यासाठी राखावा. मुंबई-पुण्याच्या संस्थांना तेथे हक्काचा प्रवेश द्यावा. आणि पनवेल-खालापूरच्या मुलामुलींना तेथे तंत्रज्ञ म्हणून शिक्षण मिळावे. कारखान्यांसाठी ज्या परिसराने जमीन दिली आणि प्रदूषण सोसले, त्याच्या वाट्याला केवळ धुराडी न येता विद्याही यावी, ही मागणी अवाजवी नाही.