स्वयंभू गंधार आणि शाळेतील कान

वाराणसीचा राजा घाट अमृतराव पेशव्यांच्या नावाशी निगडित असल्याने मराठी वाचकास परका नाही. अशा घाटावर देवळाची घंटा वाजते, तेव्हा तिच्यातून एकाच वेळी अनेक सूर निघतात. परंतु त्यांची आंदोलने सामान्यतः परस्परांच्या पूर्णांकी पटीत नसतात. म्हणून गवई घंटेशी गळा जुळवीत नाही, तंबोऱ्याशी जुळवितो.

ताणलेली तार सबंध कंप पावते, त्याच वेळी तिचे दोन, तीन, चार, पाच समान भागही कंप पावतात. षड्जाची आंदोलने सेकंदास २४० धरली, तर पाच भागांचा सूर १२०० आंदोलनांचा होतो. तो दोन सप्तके खाली आणला की ३०० आंदोलनांचा शुद्ध गंधार मिळतो. घोडीवर तारेखालचा सुताचा जीव नेमका बसला म्हणजे हे वरचे सूर बळावतात आणि कोणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. गवई त्यास ‘स्वयंभू’ म्हणतात, ते शास्त्रदृष्ट्याही यथार्थ होय.

हार्मोनियमचा गंधार निराळा आहे. पाश्चात्त्य संगीतात आधारस्वर वारंवार बदलावा लागतो. यास्तव तेथे सप्तकाचे बारा समान भाग पाडण्याची तडजोड रूढ झाली. तीत गंधार सुमारे ३०२.४ वर चढतो. फरक अल्प दिसतो. पण तो षड्जासह वाजविला असता वरच्या सुरांत सेकंदास नऊ-दहा हेलकावे उत्पन्न होतात आणि स्वरमीलन बिघडते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या साहाय्याने श्रुतींचे मापन करून १९१० साली ग्रंथ प्रसिद्ध केला, तो अशाच सूक्ष्म अंतरांचा निर्णय करण्यासाठी.

१९४० साली नभोवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली व ती सुमारे तीन दशके टिकली. परंतु बंदीने कान तयार होत नाहीत. पेटीने गायन घरोघरी नेले, हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. धोका आहे तो एवढाच, की मुलाने आरंभापासून केवळ पेटी किंवा विद्युत् वाद्यच ऐकले, तर चढा गंधारच त्यास प्रमाण वाटू लागेल. म्हणून प्रत्येक शाळेत एक तंबोरा असावा, आणि तो संगीताच्या व पदार्थविज्ञानाच्या अशा दोन्ही तासांस छेडला जावा. मिरजेच्या तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले. आता तो वर्गातही पोहोचला पाहिजे.