पांढऱ्या पिसांचा कावळा, गुलाबी रोहित: खाण्यामुळे पक्ष्यांचा रंग खरंच बदलतो का?

पंखांत पांढरी पिसं असलेल्या कावळ्याचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर आला की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. कुणी म्हणतं दुर्मिळ आहे, कुणी म्हणतं अपशकुन आहे. त्या पक्ष्यानं काय खाल्लं असेल, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

खाण्यातून कोणते रंग येतात?

मुख्यतः पिवळा, नारिंगी आणि लाल. हे रंग देणारी कॅरोटिनॉइड द्रव्यं पक्ष्यांना शरीरात तयार करता येत नाहीत. ती खाण्यातूनच मिळतात. कोंबडीला मका किंवा झेंडूच्या पाकळ्या असलेलं खाद्य दिलं की अंड्याचा बलक गडद पिवळा होतो, तसाच हा प्रकार.

सगळ्यांत ठळक उदाहरण रोहित, म्हणजेच फ्लेमिंगोचं. नांदेडला विष्णुपुरीत अडवलेली गोदावरी त्याआधी पैठणच्या जायकवाडी धरणात अडते. तिथे हिवाळ्यात रोहित येतात. त्यांची पिल्लं करड्या रंगाची असतात. शेवाळ आणि पाण्यातले बारीक जीव खाऊन ती हळूहळू गुलाबी होतात. प्राणिसंग्रहालयात असं खाद्य मिळालं नाही तर रोहित फिके पडतात.

मग रानातल्या पक्ष्याचा रंग अचानक बदलू शकतो?

हो, पण पिसं गळून नवी येतात तेव्हाच. उत्तर अमेरिकेत पिवळ्या पंखांच्या एका सुतार पक्ष्यात काहींची पिसं लालसर दिसायची. तो संकर असावा, असं अनेक वर्षं मानलं गेलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात कारण वेगळंच निघालं. बाहेरून आणून लावलेल्या एका झुडपाची फळं हे पक्षी खात होते आणि त्या फळांतलं लाल रंगद्रव्य नव्या पिसांत उतरत होतं. म्हणजे माणसानं लावलेल्या झुडपानं पक्ष्याचा रंग बदलला.

पोपटाला मिरची दिली तर?

पोपट लाल होणार नाही. लाल-पिवळी रंगद्रव्यं तो स्वतःच्या शरीरात बनवतो. नीलकंठाचा निळा रंग तर रंगद्रव्याचा नाहीच. पिसाच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश पडून तो दिसतो.

आणि कावळा?

कावळ्याचा काळा रंग मेलॅनिनचा. तोही शरीरातच तयार होतो, पण त्यासाठी पुरेसं पोषण लागतं. पिसं वाढताना प्रथिनं कमी पडली तर पंखांवर फिके किंवा पांढरे पट्टे येऊ शकतात. पुढच्या पीसगळतीनंतर, खाणं सुधारलं तर, पिसं पुन्हा काळी येतात. शहरात कचऱ्यावर आणि पाव-फरसाणावर जगणाऱ्या कावळ्यांना पोट भरूनही प्रथिनं कमी पडू शकतात.

संपूर्ण पांढरा कावळा मात्र बहुधा जनुकीय बदलामुळे तसा असतो. डोळे लालसर किंवा गुलाबी असतील तर तो अल्बिनो असण्याची शक्यता जास्त. हा आजारही नाही आणि अपशकुनही नाही.

असा पक्षी दिसला तर काय करायचं?

लांबून फोटो काढा. त्यात डोळे आणि दोन्ही पंख दिसू द्या. ठिकाण आणि तारीख लिहून ठेवा. बाजारात विकायला ठेवलेली भडक हिरवी किंवा लाल मुनिया दिसली तर ती रंगवलेली असू शकते. रानपक्षी पकडणं आणि विकणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. तक्रारीसाठी वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे.

पक्षी सुस्त किंवा मेलेला असेल तर हात लावू नका. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीरमध्ये कावळे मरून पडू लागले, तेव्हा तपासणीत बर्ड फ्लू निघाला होता. अशा वेळी फोटो ग्रुपवर टाकण्याआधी पशुसंवर्धन विभागाला कळवा.