आर्काइव्हरचं तोंड दाबू नका

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पतसंस्थांचे सर्व्हर मी सांभाळतो, आणि एक प्रकार मला आता अजिबात खपत नाही. लॉग आर्काइव्हिंग, म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदींची फाइल बॅकअपच्या जागी पाठवणं, अडकलं की ते सुरू करायचं सोडून त्याची तक्रारच बंद पाडली जाते.

संगमनेर तालुक्यातल्या एका संस्थेत पिग्मीचं कलेक्शन रोज चढत होतं, पासबुकं छापून मिळत होती, दिवसअखेरही वेळेत होत होती. बॅकअपच्या जागी मात्र कित्येक आठवड्यांत एकही लॉग फाइल पोचली नव्हती. सेटिंग उघडलं, तर आर्काइव्ह कमांडच्या जागी सॉफ्टवेअरवाल्याने नुसतं ‘बिन ट्रू’ लिहून ठेवलेलं. म्हणजे फाइल कुठेही न्यायची नाही आणि सर्व्हरला सांगायचं, पोचली! सर्व्हर ते खरं मानतो आणि ती फाइल मोडीत काढतो. ठेवीदाराशी केलेली ही सरळ लबाडी आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं विम्याचं कवच नसतं. तिथे नोंदच गेली तर त्याने दाद मागायची कशाच्या जोरावर?

या सर्व्हरवरचं डेटाबेस सॉफ्टवेअर पोस्टग्रेस बिचारं चोख वागतं. प्रत्येक बदल आधी १६ एमबीच्या वॉल फाइलीत उतरतो; हीच ती लॉग फाइल. फाइल पोचल्याची खात्री होईपर्यंत ते ती टाकत नाही, पुन्हा पुन्हा पाठवत राहतं. कारण बहुतेकदा किरकोळ असतं: नॅसचं माउंट सुटलेलं, परवानगी बदललेली, पलीकडची डिस्क भरलेली. काउंटरवर कुणाला पत्ता लागत नाही. डिस्क भरत जाते आणि ऐन मार्चअखेरीस सर्व्हर बसतो. मग फोन येतो, “सर, जागा संपली. वॉलच्या फाइली उडवू का?” खबरदार! त्या उडवल्या तर डेटाबेस उठायचाच नाही.

आधी ‘पीजी स्टॅट आर्काइव्हर’ बघा. कोणती फाइल अडली आणि कधी, ते तिथे लिहिलेलं असतं. सर्व्हरच्या एरर लॉगमधली चूक वाचा, तीच कमांड पोस्टग्रेसच्या युजरने हाताने चालवा. वाट मोकळी झाली की साचलेल्या फाइली आपोआप जातात. तरीही जागा सुटत नसेल, तर बंद पडलेल्या स्टँडबायचा, म्हणजे जोडीच्या राखीव सर्व्हरचा, स्लॉट फाइली धरून बसलाय का, ते तपासा.

हे खेड्यापाड्यातलंच दुखणं आहे, असं कुणी समजू नये. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीचा स्टँडबाय मागे पडला. त्याला हव्या असलेल्या वॉल फाइली मुख्य सर्व्हरवरून गेल्या होत्या आणि आर्काइव्हिंग ठेवलेलंच नव्हतं. स्टँडबाय नव्याने उभा करण्याच्या धांदलीत एका इंजिनिअरने मुख्य सर्व्हरचाच डेटा पुसला. रोजचा बॅकअप तर आधीपासूनच गुपचूप फसत होता. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला.

संचालकांनो, मासिक सभेत शेवटची फाइल कधी पोचली, ते विचारा. बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवून खतावणीच्या बाकी जुळवून दाखवायला सांगा. मधली एक जरी फाइल गहाळ असेल, तर त्याच दिवशी नवा पूर्ण बॅकअप घ्यायला लावा. जो टाळाटाळ करेल, त्याचं नाव प्रोसिडिंगला लिहा.