सातबारा आपल्याच नावावर हवा

तुरीचा हंगाम भरात होता. अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका डाळ मिलच्या आवारात तीन ट्रक भरून उभे होते, ड्रायव्हर चहाला गेलेले, आणि ऑफिसात मालक फोन कानाला लावून बसलेले. ई-वे बिल निघत नव्हतं. पोर्टल चालू होतं, नेट होतं, लाइटही होती. ओटीपी मात्र पुण्यात जात होता. मिलचे कॉम्प्युटर सांभाळणारा मुलगा दिवाळीनंतर तिकडे नोकरीला लागला आणि बिलं काढायच्या लॉगिनला मोबाइल नंबर त्याचाच राहिला. १ एप्रिल २०२५ पासून या पोर्टलवर पासवर्डसोबत ओटीपीसारखी दुसरी ओळख सगळ्यांनाच सक्तीची झाली आहे. मुलगा भला, एरवी फोन लावला की आकडा सांगायचा. त्या दिवशी तो मीटिंगमध्ये होता. दोन तासांनी ट्रक हलले.

"भाऊ, पुन्याची एक कंपनी वर्षाचा ठेका मांगते," मालक म्हणाले. "सर्वर, बिलिंग, क्यामेरे, समदं तेच पाहतो म्हन्ते. देऊन टाकू काय?"

हा प्रश्न मला नांदगाव पेठेतल्या कारखानदाराने विचारला आहे, अमरावतीतल्या डॉक्टरांनी विचारला आहे, पतसंस्थेच्या संचालकांनीही विचारला आहे. माझं उत्तर सगळ्यांना एकच असतं. काम खुशाल द्या. वावर बटईनं देतोच की आपण. पण बटईदार कितीही इमानदार असला तरी सातबारा कोणी त्याच्या नावावर करून देत नाही.

काम द्यावं असं मी का म्हणतो, तेही सांगतो. बडनेरा, अमरावती, शेगाव इथली इंजिनिअरिंग कॉलेजं दरवर्षी पोरं घडवतात आणि त्यातली हुशार पोरं रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुणं गाठतात. त्यांचं चुकत नाही. अकोल्याची मिल त्यांना पुण्याचा पगार देऊ शकत नाही. मग एकाच मुलाच्या डोक्यात अख्खी मिल साठते. त्याचं लग्न निघालं की बिलिंग अडतं, त्याला ताप आला की मालकाला घाम फुटतो. त्यात कामही आता नुसतं दुरुस्तीचं उरलेलं नाही. पाच कोटींवर उलाढाल गेली की ई-इनव्हॉइस आलं, हा नियम ऑगस्ट २०२३ पासूनचा. सायबर हल्ला झाला तर सहा तासांत केंद्र सरकारच्या सर्ट-इनला कळवायचं, हा आदेश एप्रिल २०२२ चा. हे सगळं एकट्या पोराच्या खांद्यावर टाकणं हा त्याच्यावरही अन्याय आहे.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. ही कंपनी स्टेट बँक आणि टीसीएस यांची मिळून, म्हणजे घराणं मोठंच. देशभरातल्या सहकारी आणि ग्रामीण बँकांची यंत्रणा ती चालवते. लागण पसरू नये म्हणून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं तिला आपल्या जाळ्यातून तोडलं आणि सुमारे तीनशे लहान बँकांच्या खातेदारांचं यूपीआय, एटीएम एका फटक्यात थांबलं. दुसऱ्या दिवशी व्यवहार पूर्ववत झाले. पण त्या दिवशी काउंटरवर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला सी-एज कोण हे ठाऊक नव्हतं. त्यानं जाब विचारला तो त्याच्या बँकेला, आणि ते बरोबरच होतं.

हे वाचून "आपलं घरचंच बरं" म्हणणाऱ्यांनी पुण्याची कॉसमॉस बँक आठवावी. १९०६ ची, नावाजलेली. ऑगस्ट २०१८ मध्ये दोन-तीन दिवसांत तिचे ९४ कोटी रुपये चोरांनी उडवले, त्यातले बहुतेक अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून. एवढ्या मोठ्या बँकेची ही गत, तर आपल्या टेबलाखालचा सर्वर आपल्या नजरेसमोर आहे म्हणून सुरक्षित, हे मला पटत नाही.

कायदाही जबाबदारी मालकाच्याच पदरात टाकतो. आयटीचं काम बाहेर दिलं म्हणून बँकेचं उत्तरदायित्व कमी होत नाही, हे रिझर्व्ह बँकेनं २०२३ च्या निर्देशात स्वच्छ सांगितलं. त्याच वर्षीच्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचाही रोख तोच. अमरावतीतल्या डॉक्टरांना म्हणूनच मी पुन्हा पुन्हा सांगतो, पेशंटची माहिती सांभाळायला कोणालाही द्या, ती फुटली तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

तर सातबारा म्हणजे काय? वेबसाइटचं नाव फर्मच्या ईमेलवर. मुख्य ॲडमिनचा पासवर्ड मालकाच्या तिजोरीत. ओटीपीचा नंबर फर्मच्या सिमचा. बॅकअपची एक प्रत आपल्या ताब्यात, ठेकेदाराच्या कपाटात नव्हे. ठेका सुटला तर डेटा किती दिवसांत, कोणत्या रूपात परत मिळणार, हे सही करण्याआधी लिहून घ्यायचं. भांडण झाल्यावर कोणी लिहून देत नाही. आणि मोजमाप. जून २०२२ मध्ये आपल्याच अमरावती-अकोला रस्त्यावर पंच्याहत्तर किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनेस बुकात गेलं. तेही ठेकेदारानंच केलं. किलोमीटरही मोजलेले होते आणि मिनिटंही. "लवकर माणूस पाठवतो" या वाक्यात मोजण्यासारखं काय आहे? बंद पडल्यावर किती तासांत, कोण येणार, हे आकड्यात हवं.

पुढच्या रविवारी मी मिलमध्ये गेलो. आपल्या ताब्यात नेमकं काय आहे ते पाहायला मालकांनी बॅकअपची हार्ड डिस्क काढली, वरची धूळ रुमालानं पुसली. मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर ती जोडली, खाती उघडली. पहिल्या दहा मिनिटांत चेहरा खुलला होता. मग ते तारखांवरून बोट फिरवत खाली आले आणि थांबले. शेवटची नोंद दसऱ्याच्या आदल्या दिवशीची. त्यानंतरची अख्खी खरेदी त्या डिस्कवर नव्हतीच.

ठेक्याचा कागद त्यांनी ड्रॉवरमध्ये सरकवला आणि पुण्याला फोन लावला.

"बाबू, येत्या रविवारी घरी येतं काय? जेवालेच ये. तुह्या डोक्यात काय काय हाय, ते एकडाव कागदावर उतरवून घिऊ."