खटका कुणाचा?

‘हे तर उचललेले आहे!’ एवढे वाक्य कुणी उच्चारले की आपल्याकडे चर्चा संपते. कविता असो, एकांकिका असो की भित्तिपत्रकावरचे चित्र असो, त्यात दुसऱ्याचे काही सापडले की त्याची किंमत शून्य. आणि ज्यात काही सापडले नाही ते ‘स्वतंत्र’, मग ते कितीही सुमार असले तरी चालेल! ही वाटणी मला मान्य नाही. का मान्य नाही, हे साहित्याच्या उदाहरणाने सांगू गेलो तर आपण आपापल्या आवडत्या लेखकांची बाजू घेऊन भांडत बसू. म्हणून मी घडीच्या चाकूचे उदाहरण घेतो. कलाशाखेच्या वार्षिकात चाकू कशाला, असे प्राध्यापकमंडळींच्या मनात आले असेल, तर त्यांनी थोडा धीर धरावा.

घडीच्या चाकूत खरी अक्कल असते ती खटक्यात. खटक्याचा चाकू म्हटले की आपल्याला चित्रपटातला, कळ दाबताच उघडणारा चाकू आठवतो. मी म्हणतो तो खटका निराळा. उघडलेले पाते काम करताना अवचित मिटून बोटे कापू नयेत, म्हणून ते रोखून धरणारा.

१९८० च्या सुमारास अमेरिकेतील मायकेल वॉकर या कारागिराने असा एक खटका सिद्ध केला. मुठीच्या आत धातूची पातळ पट्टी असते. तिचा एक भाग चिरून किंचित आत वाकवलेला असतो. पाते पूर्ण उघडले की तो भाग स्प्रिंगसारखा सरकून पात्याच्या बुडामागे उभा राहतो. अंगठ्याने बाजूला सारला की पाते मिटते. पण ही कल्पना वॉकरची होती काय? पट्टीच्या खटक्याचे पेटंट अमेरिकेत १९०६ सालीच निघाले होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यातील तारकाम करणाऱ्यांजवळ जो चाकू असे, त्यातल्या पेचकसालाही अशीच पितळी पट्टी अडवून धरी. म्हणजे आपल्या न्यायाने वॉकर उचल्याच ठरला!

त्याने काय केले ते मात्र पाहण्यासारखे आहे. जुन्या चाकूंना पाठीशी एक वेगळी जाड स्प्रिंग लागे. वॉकरने ती काढूनच टाकली. पट्टीवर त्याने एक बारीकशी गोळी बसवली; मिटलेले पाते ती जागच्या जागी धरते. उघडलेल्या पात्याला टेकायला खुंटी दिली. शिवाय पात्याचे बूड पट्टीला जिथे भिडते तिथे ते तिरपे घासले, त्यामुळे वापराने झीज झाली तरी पट्टी जराशी पुढे सरकून पुन्हा घट्ट बसते. कल्पना जुनी, पण चाकू नवा झाला.

पुढे दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या क्रिस रीव्हने आतली पट्टीच काढून टाकली आणि मुठीची टायटॅनियमची जाड बाजू चिरून तिचाच खटका केला. मूठ जितकी आवळावी तितका तो पक्का. त्या चाकूचे नाव ‘सेबेंझा’. झुलू भाषेत त्याचा अर्थ काम. वॉकरच्या पट्टीचे ऋण त्यात उघड दिसते, पण म्हणून रीव्हला कमी लेखावे असे मला वाटत नाही.

मग चोरी कशाला म्हणायचे? पेटंट जिवंत असताना, कधी तर दुसऱ्याच्या शिक्क्यासकट, नकला काढून विकतात. त्याबद्दल वादच नको. मला खटकते ती दुसरी गोष्ट. बिल मॅकहेन्री आणि जेसन विल्यम्स या दोघांनी मुठीत आडवी सरकणारी दांडी बसवून एक खटका काढला. बेंचमेड कंपनीने १९९८ मध्ये तो ‘अ‍ॅक्सिस’ या नावाने बाजारात आणला. पेटंटची मुदत संपल्यावर इतर कंपन्याही तो करू लागल्या. यात गैर काहीच नाही; मुदतीनंतर कल्पना सर्वांची व्हावी अशीच कायद्याची योजना आहे. पण नाव कंपनीच्या मालकीचे, म्हणून प्रत्येकीने स्वतःचे वेगळे नाव ठेवले. नव्या गिऱ्हाईकाला वाटावे, हे चार जणांचे चार शोध! ‘अ‍ॅक्सिस’ म्हणता येत नाही हे कबूल. परंतु मॅकहेन्री आणि विल्यम्स ही माणसांची नावे छापायला कुणी बंदी केली होती? याच धंद्यातली कोलोरॅडोची स्पायडर्को कंपनी आपल्या मालाच्या वर्णनात ‘वॉकर लायनरलॉक’, ‘रीव्ह इंटिग्रल लॉक’ असे सरळ लिहिते. त्याने तिच्या चाकूंची पत गेली नाही.

आपल्याकडेही हे नवे नाही. ‘ती फुलराणी’ शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून घेतली, हे पु. लं.नी कधी लपवले नाही, आणि म्हणून मंजुळा आपल्याला परकी वाटली नाही. उलट गेल्या स्नेहसंमेलनात एका एकांकिकेवर ‘उचललेली’ असा शिक्का बसला, तेव्हा ‘मूळ कथेत यांनी काय बदलले?’ हा प्रश्न परीक्षकांपासून प्रेक्षकांपर्यंत कुणीच विचारला नाही. आणि एकांकिकेच्या लेखकांनीही मूळ कथाकाराचे नाव पत्रिकेवर घातले नव्हते, हेही सांगितलेच पाहिजे.

संपादक मंडळाला माझी एक सूचना आहे. पुढील वर्षीच्या अंकात प्रत्येक कथेच्या, कवितेच्या, लेखाच्या खाली एक ओळ मोकळी ठेवावी. हे कशावरून सुचले, ते लेखकाने तिथे लिहावे. ज्याला कशावरूनच सुचले नसेल, त्याने ती तशीच कोरी सोडावी.